अन्वय, व्यतिरेक आणि माइकची तार

कार्तिक लागला कीं आमच्या मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावर ग्रामदैवतांच्या जत्रा सुरू होतात आणि देवळापुढें रात्रभर दशावतार रंगतो. या खेळाच्या संवादांस लिखित संहिता नसते. नट उभ्या उभ्याच आपलें भाषण रचतो. अशा वेळीं ध्वनिक्षेपकाचा आवाज अकस्मात् तुटला, तर गेलेलें वाक्य पुन्हां कोणाच्याहि हातीं लागत नाहीं. डबलबारीच्या भजनांतहि तोच प्रकार. मग दोष कोणी माइकला देतो, कोणी यंत्राला, तर कोणी बिचाऱ्या बुवांच्या गळ्याला ! वस्तुतः पुष्कळदां अपराधी असते ती तार. खाऱ्या, दमट हवेनें तिच्या तांब्यास हिरवा गंज चढतो, आणि वारंवार गुंडाळल्यामुळें प्लगाजवळ ती आंतून तुटते. वरचें आवरण मात्र साळसूद दिसतें.

घरांतील मुलांनीं एखाद्या रविवारीं करावें असें या तारेचें परीक्षायंत्र आज सांगतों.

साहित्य : लांकडी किंवा प्लॅस्टिकची लहान पेटी, ९ व्होल्टची बॅटरी, तांबडे एलईडी दिवे ३, १००० ओहमचे रोधक ३, तीन जागांचा फिरता स्विच १, आणि माइकच्या तारेचीं दोन्हीं टोकें बसतील असे दोन सॉकेट.

कृति : बॅटरीचें धन टोक स्विचच्या मध्यास जोडावें व स्विचचीं तीन टोकें पहिल्या सॉकेटच्या १, २, ३ या पिनांस न्यावीं. दुसऱ्या सॉकेटच्या प्रत्येक पिनेस एकेका दिव्याचा लांब पाय जोडावा, आंखूड पायास रोधक लावावा, व तिन्ही रोधकांचीं मोकळीं टोकें एकत्र करून बॅटरीच्या ऋण टोकास द्यावीं. डाख देतांना वडील माणसानें जवळ बसावें. दिवा सुमारें २ व्होल्ट घेतो. उरलेल्या ७ व्होल्टांस १००० नें भागलें कीं ७ मिलिअँपिअर प्रवाह येतो. ओमनें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम तो हाच. रोधक गाळल्यास दिवा जळेल.

आतां परीक्षा. येथें आपल्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक उपयोगीं पडतो. स्विच १ वर असतां पहिला दिवा लागला, हा अन्वय झाला. पण तेवढ्यावरून तार निर्दोष म्हणूं नये. बाकीचे दोन विझलेलेच राहिले पाहिजेत, हा व्यतिरेक. दोन दिवे लागले तर आंतील तारा एकमेकींस चिकटल्या. एकहि न लागला तर तार तुटली. भलताच लागला तर जोडणी चुकली. २ व ३ वरहि असेंच पाहावें. नंतर दिवा लागलेला असतां तार प्लगाजवळ हळूच वांकवावी. तो लुकलुकला तर व्यंग तेथेंच. तेवढा भाग कापून नव्यानें डाख द्यावा. थोडा गंज असला तरी दिवा लागतो, म्हणून पिना स्वच्छ पुसूनच परीक्षा करावी.

एक सूचना निक्षून सांगतों : तार दोन्हीं बाजूंनीं यंत्रांतून काढल्यावांचून तपासूं नये, आणि घरांतील विजेच्या तारांस हें यंत्र कदापि लावूं नये.

परीक्षेवांचून ठपका ठेवूं नये, ही संवय मुलांस या लहानशा पेटींतून लागली, तर तिचा उपयोग जत्रेपुरताच राहणार नाहीं. दहा माणसांच्या घरांतहि तिची गरज नित्य पडते.