पाना भंगारात द्यायच्या आधी त्यावरचं नाव वाचा



सणाच्या तोंडावर मोटारखोली साफ होते आणि जुनी हत्यारं भंगारवाल्याच्या काट्यावर जातात. आमच्या कुरकुंभला एमआयडीसीमुळं भंगारवाल्यांना तोटा नाही. पण माझं स्पष्ट मत आहे, गंजलेला स्क्रू पाना किलोवर देऊ नका. आधी गंज काढा, काय लिहिलंय ते वाचा, मग ठरवा.

यंदा आमच्या जुन्या इंजिनखोलीत बारा इंची पाना निघाला. वडलांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला. जबडा जाम, चाक फिरंना. गंज निघाला तेव्हा दांड्यावर इंग्रजीत ‘स्वीडन’ अशी अक्षरं दिसली.

या पान्याचं आजचं रूप तिकडचंच. एन्शोपिंग गावच्या योहान पेटर योहानसन या कारागिरानं 1892 साली त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा नटांची मापं कारखान्यागणिक वेगळी, म्हणून सगळ्यांना चालंल असा एकच पाना. पुढं ते पाने ‘बाको’ नावानं जगभर गेले. आपल्या नाशिकला टपारियानं 1969 ला हत्यारं बनवायला घेतली, तीही स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं.

आता कोण म्हणंल, नवा पाना दुकानात मिळतोय की, एवढा खटाटोप कशाला? ऐका. आपल्याकडं मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. त्याआधीच्या इंग्रजी इंजिनांचे, पंपांचे नट इंचाच्या मापातले. मिलिमीटरचा पाना त्यावर एकतर बसत नाही, नाहीतर ढिला बसतो. हलका स्क्रू पाना जोर लावला की जबडा फाकवतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. रात्रीच्या लायटीला पाणी धरायचंय आणि फ्लँजचा नट गोल झाला, तर ती पाळी गेलीच म्हणून समजा. पान्यावर ‘फोर्ज्ड’ कोरलेलं असंल तर ते घडीव पोलाद. ओतीव बिडाचा पाना जोरात कधी तुटंल सांगता येत नाही. म्हणून नाव वाचायचं.

गंज काढायची रीत सोपी आहे. रात्रभर रॉकेल किंवा डिझेलात बुडवा. सकाळी चाकाच्या मधला स्क्रू काढा, आत बारीक स्प्रिंग असली तर जपून ठेवा. मग तारेच्या ब्रशनं घासा. जिथं अक्षरं आहेत तिथं ग्राइंडर अजिबात लावू नका, गंजाबरोबर नावही जातं. भट्टीत लाल करू नका, पोलादाचं पाणी उतरतं. जोरकस ॲसिडही नको, त्यानं कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. शेवटी कोरडा पुसून तेलाचा हात द्या.

मग पारख करा. जबड्याच्या कोपऱ्यात चीर आहे का? जबडा बंद केल्यावर दोन्ही तोंडं समांतर बसतात का? नट धरल्यावर सरकता जबडा डुगडुगतो का? चीर दिसली किंवा जबडा फाकला असंल तर मात्र नाव कितीही मोठं असू द्या, तो भंगारातच घाला. तसल्या पान्यानं हाताची सालटी निघतात, बोट जातं.

आणि वापरताना एवढं पाळा. पाना ज्या दिशेला फिरवायचा, त्या बाजूला सरकता जबडा ठेवा, म्हणजे जोर पक्क्या जबड्यावर येतो. दांड्याला पाइप घालून ओढू नका. पान्याचा हातोडा करू नका.

बियाणं घेताना आपण पिशवीवरचं सगळं वाचतो. मग हत्यार विकताना का नाही वाचायचं? तुमच्या खोलीत असा पाना असंल तर अक्षरांचा फोटो इथं टाका. कुठला आहे ते मिळून ओळखू.