जागा किती, हे आधी विचारा

जुलैच्या उत्तरार्धात आठवड्याच्या अंतराने दोन तारखा येतात आणि बँकेची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या भवितव्याशी त्या दोन्हींचा संबंध आहे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या खासगी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँकेतली नोकरी सरकारी झाली. त्याआधी ६७ वर्षे, २६ जुलै १९०२ रोजी, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात हुकूम काढला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. सरकारी बँक आणि सरकारी नोकरीतला वाटा, या दोन्ही गोष्टींचे स्मरण अशा प्रकारे एकाच आठवड्यात करावे लागते. हेच दिवस बँक भरतीच्या जाहिरातींचे आणि अर्ज भरण्याचेही असतात. म्हणून या आठवड्यात त्या अर्जातल्या प्रवर्गाच्या रकान्याबद्दल मोकळेपणाने बोलले पाहिजे.

निकाल लागला की पुण्याच्या सदाशिव पेठेपासून लातूर-नांदेडपर्यंतच्या अभ्यासिकांत कट-ऑफशिवाय दुसरा विषय नसतो. वर्षभर एका खाणावळीत जेवलेली, एकमेकांच्या नोट्सवर अभ्यास केलेली मुले त्या दिवशी परस्परांना प्रवर्गाने ओळखू लागतात. ‘मला जास्त मार्क असून मी बाहेर आणि तो आत,’ असे खुल्या प्रवर्गातला मुलगा बोलून दाखवतो. राखीव जागेवर निवड झालेली मुलगी पेढे वाटते खरी, पण आता शाखेतही कोणीतरी आपले मार्क काढणार, ही धास्ती तिच्या मनात असते. दोघांचेही दुखणे खरे आहे. मात्र ज्या हिशेबावरून ते एकमेकांशी भांडतात तो हिशेब अपुरा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तो हिशेब आधी नीट मांडू. २०२५ मध्ये आयबीपीएसने स्टेट बँक सोडून इतर सरकारी बँकांसाठी प्रोबेशनरी ऑफिसरच्या ५,२०८ जागांची जाहिरात काढली. त्यांत अनुसूचित जातींसाठी ७८२, अनुसूचित जमातींसाठी ३६५, इतर मागासवर्गीयांसाठी १,३३७, आर्थिक दुर्बल घटकांसाठी ५२० आणि खुल्या २,२०४ जागा होत्या. लिपिक पदांची भरती राज्यवार होते. तिथे महाराष्ट्रातले प्रमाण अनुसूचित जाती १० टक्के, जमाती ९, इतर मागासवर्ग २७ आणि आर्थिक दुर्बल घटक १० टक्के असे आहे. उरलेल्या खुल्या जागा कोणत्याही जातीच्या मालकीच्या नाहीत. सवलत न घेता गुणांवर वर आलेला अनुसूचित जातीचा उमेदवारही खुल्या जागेचा हक्कदार असतो. त्यामुळे ‘आमच्या जागा’ हा शब्दप्रयोग त्या जागांबद्दल कोणालाच करता येत नाही.

कट-ऑफ कमी म्हणजे लायकी कमी, हा समजही तपासून पाहावा. २०१९ च्या जुलैमध्ये स्टेट बँकेच्या लिपिक भरतीच्या पूर्वपरीक्षेचा निकाल लागला. तमिळनाडूत खुला प्रवर्ग, इतर मागासवर्ग आणि अनुसूचित जाती या तिन्हींचा कट-ऑफ एकच होता, ६१.२५. आर्थिक दुर्बल घटकांचा मात्र २८.५ होता. नुकत्याच लागू झालेल्या त्या प्रवर्गात जागांच्या मानाने उमेदवार थोडे होते, एवढाच त्याचा अर्थ. जागा किती आणि त्यांसाठी उमेदवार किती, यावर कट-ऑफ ठरतो. कोणत्याही समाजाची बुद्धी मोजायचे ते माप नव्हे.

शिवाय ही परीक्षा तरी काय मोजते? पूर्वपरीक्षेत साठ मिनिटांत शंभर प्रश्न असतात : इंग्रजीचे ३०, गणिताचे ३५ आणि रिझनिंगचे ३५. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण कापला जातो. वेग, सराव आणि इंग्रजी यांची ही कसोटी आहे. ती घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण इंग्रजी शाळा, घरातला संगणक आणि दोन वर्षे कमाईची चिंता न करता क्लास लावण्याची सोय ज्याला मिळाली, त्याचा वेग आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून येऊन दिवसा दुकानात काम करणाऱ्याचा वेग यांत गुणवत्तेइतकाच परिस्थितीचाही फरक असतो. लिपिक भरतीची परीक्षा मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांत घेण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. अधिकारी पदाच्या परीक्षेला अजूनही इंग्रजी आणि हिंदी हेच पर्याय आहेत. मराठी माध्यमाच्या मुलाचे हे नुकसान त्याची जात विचारून होत नाही.

निवड झाल्यावर सगळ्यांची वाट एकच असते. प्रशिक्षण तेच, प्रोबेशन तेच, कॅशमध्ये फरक पडला तर भरपाईही तीच. आरक्षणाच्या जोरावर माणूस थेट वरपर्यंत जातो, हेही खरे नाही. इतर मागासवर्गीयांना बढतीत आरक्षण नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्केल एक ते सहापर्यंतच्या अधिकाऱ्यांना बढतीत आरक्षण मान्य केले होते. त्यावर फेरविचार होऊन २०१६ च्या जानेवारीत न्यायालयाने तो भाग मागे घेतला. आरक्षण दार उघडून देते. पुढची वर्षे ज्याच्या त्याच्या कामावर जातात.

मुळात बँकेत आरक्षण का असावे? याचे उत्तर १९ जुलैच्या निर्णयात सापडते. १९६९ च्या मध्यास देशभरात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या आणि त्यांतल्या बहुतेक शहरांत, निमशहरांत होत्या. शेतकरी, विणकर, छोटा दुकानदार यांच्यासाठी बँक म्हणजे परकी इमारत होती. राष्ट्रीयीकरणानंतर शाखा खेड्यांत गेल्या, पण शाखा गावात आली म्हणून ती गावाची होत नाही. कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला काउंटरपलीकडे आपली भाषा, आपली वस्ती आणि आपल्या अडचणी ठाऊक असलेले कोणी दिसले, की त्याचा धीर वाढतो.

ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. सत्तरच्या दशकात मुंबईतल्या बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या कार्यालयांत मराठी मुलांना घ्या, म्हणून स्थानीय लोकाधिकार समित्या झगडल्या. ज्या मातीत कचेरी उभी आहे, त्या मातीतली माणसे तिच्या खुर्च्यांवर दिसली पाहिजेत, हा त्या लढ्याचा युक्तिवाद होता आणि महाराष्ट्राने तो मनापासून स्वीकारला. मराठी माणसाच्या नावाने जे न्याय्य वाटले, ते त्याच मातीतल्या दलित, आदिवासी आणि भटक्या माणसाच्या नावाने अन्याय्य कसे ठरेल?

शाहू महाराजांनी हेच ओळखले होते. १८९४ मध्ये ते गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि पाचशे कारकुनांत ब्राह्मणेतर केवळ दहा. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळ्यांना १९०२ च्या हुकुमाने जागा दिली. महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. कोल्हापुरात त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले. नोकरीतला वाटा, राहायला जागा आणि शिकायला शाळा हा एकच कार्यक्रम होता. आपण त्यातला वाटा तेवढा लक्षात ठेवला आणि उरलेल्या दोन गोष्टी क्लासवाल्यांच्या हाती दिल्या.

आता खुल्या प्रवर्गातल्या गरीब मुलाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण तेही खरे आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये मराठा समाजाला दिलेले दहा टक्के आरक्षण राज्याच्या नोकऱ्यांपुरते आणि शिक्षणापुरते आहे. बँकेच्या अर्जात ते चालत नाही. केंद्राच्या यादीत ज्याची जात नाही, त्याला आर्थिक दुर्बल घटकांचाच रस्ता उरतो. त्या रस्त्यावर पाच एकरांची अट आहे. कुटुंबाकडे पाच एकर शेती असली की उत्पन्न कितीही कमी असो, प्रमाणपत्र मिळत नाही. जालना किंवा धाराशिवकडचे पाच एकर कोरडवाहू रान आणि ऊसपट्ट्यातले चार एकर बागाईत यांना एकच फूटपट्टी लावली जाते आणि दुष्काळी भागातला मुलगा तिच्याखाली सापडतो. प्रमाणपत्र मिळालेच, तरी वयाची सवलत नाही आणि ८५० रुपये शुल्क पूर्ण भरावे लागते. हा अन्याय कोणत्याही मागासवर्गीयाने केलेला नाही. तो नियम करणाऱ्यांनी केला आहे आणि त्यांनीच दूर केला पाहिजे.

राखीव प्रवर्गांनाही आपल्या आत पाहावे लागेल. ज्या घरात दोन पिढ्या अधिकारी झाल्या त्या घरातला मुलगा आणि ज्या वस्तीतून अजून कोणी पदवीधर झालेला नाही तिथली मुलगी एकाच प्रवर्गात एकाच जागेसाठी उभी राहतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा दिली, ती याच विचाराने. उपवर्गीकरण कसे व्हावे यावर मतभेद असतील, पण सर्वांत मागे राहिलेल्याला आधी पोहोचवले पाहिजे, या तत्त्वावर वाद होण्याचे कारण नाही.

कागदपत्रांचा छळ तर दोघांच्याही वाट्याला येतो. महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांचे वेगळे प्रवर्ग आहेत. केंद्राच्या भरतीत त्यांतले बहुतेक समाज इतर मागासवर्गात मोजले जातात. राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला तिथे चालत नाही, केंद्राचाच नमुना लागतो आणि तोही ठरलेल्या मुदतीतला. मुख्य परीक्षा आणि मुलाखत पार केलेला उमेदवार एका चुकीच्या नमुन्यामुळे कागदपत्रांच्या तपासणीत अडकतो. प्रवेशांच्या दिवसांत सेतू केंद्रांवर आधीच रांगा असतात. तहसील कार्यालयांनी या हंगामात केंद्राच्या नमुन्याची वेगळी खिडकी ठेवली, तर एक पैसा जास्त खर्च न होता अनेक मुलांचे वर्ष वाचेल.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र याहून वेगळा आहे. २०१७ मध्ये देशात २७ सरकारी बँका होत्या. विलीनीकरणांनंतर त्या बारा उरल्या. आयडीबीआय बँकेला रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये खासगी बँकांच्या वर्गात टाकले. २०२१ च्या अर्थसंकल्पात आणखी दोन सरकारी बँकांच्या खासगीकरणाची घोषणा झाली. गेल्या दशकात सरकारी बँकांतले मनुष्यबळ घटले आणि खासगी बँकांतले वाढले. खासगी बँकांत आरक्षण नाही. सफाई, सुरक्षा यांसारखी कामे कंत्राटदाराकडे गेली आणि गावोगावचे बँक व्यवहार कमिशनवरच्या बँकमित्रांकडे. तिथे ना आरक्षण, ना पेन्शन, ना खुल्या प्रवर्गातल्या मुलाला हवी असलेली पक्की नोकरी. विहीर आटत चालली असताना पोहऱ्यांच्या पाळीवरून भांडणाऱ्यांची अवस्था या मुलांवर आली आहे. कोणाला किती पाणी, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण आरक्षण उद्या पूर्ण रद्द केले, तरी एकही नवी जागा निर्माण होत नाही. पाच हजार जागांसाठी लाखो अर्ज येतील आणि लाखो मुले बाहेरच राहतील. फक्त त्यांची नावे बदलतील.

ज्या शाखेत दुपारी पैसे काढायला रांग दारापर्यंत येते आणि तीनपैकी एकच काउंटर चालू असतो, तिथे जागा रिकामी आहे हे कोणालाही दिसते. शाखेला माणसे हवी आहेत, माणसांना काम हवे आहे. या दोघांच्या मध्ये उभा आहे तो सरकारचा आणि बँकांच्या व्यवस्थापनांचा निर्णय.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. बँकांनी दरवर्षी निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागांचा आणि भरलेल्या जागांचा प्रवर्गवार हिशेब एकत्र जाहीर करावा. राखीव जागांचा अनुशेष ठरावीक मुदतीत भरावा. जी सरकारी बँक खासगी होईल, तिच्या विक्रीच्या अटींत सामाजिक आरक्षणाचे काय होणार, हे संसदेत आधी सांगितले जावे. आर्थिक दुर्बल घटकांसाठीची जमिनीची अट सिंचन पाहून बदलावी. अधिकारी पदाची परीक्षाही मराठीतून देता यावी. राज्य सरकारने बार्टी, सारथी आणि महाज्योती यांचे प्रशिक्षण वर्ग आणि विद्यावेतन वेळेवर चालवावे आणि तालुक्याच्या गावी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहासह अभ्यासिका काढाव्यात.

आणि तयारी करणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. शेजारच्या टेबलावर बसलेल्या मित्राचे मार्क मोजू नका. त्याच्या निवडीने तुमची नोकरी गेलेली नाही. ती भरलीच गेली नाही. पुढच्या वेळी कट-ऑफची यादी पाहताना त्याच्या सोबत बसा आणि दोघांनी मिळून आपल्या खासदाराला पत्र लिहा : सरकारी बँकांत जागा किती रिकाम्या आहेत आणि त्या केव्हा भरणार?