त्याग नव्हे, काम!



आपल्या कोडोलीत कुणालाही विचारा, शिक्षणात मोठं नाव कुणाचं? कर्मवीर भाऊराव पाटलांचं. कुंभोजला जन्मलेले, १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणारे. बरोबरच आहे. पण लक्ष्मीबाईंचं काय? भाषणात येतं ते त्यांचं मंगळसूत्र तेवढं!

साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवली. सोवळं पाळणाऱ्या घरातल्या या बाईंनी त्यांना रोज आईसारखं सांभाळलं. पोटात अन्न नसतं तर मुलं शिकली असती? मग हे शिक्षणाचंच काम नव्हे का? दागिने दिले, केवढा त्याग, म्हणत आपण हात जोडतो आणि मोकळ्या होतो. लेकींना सांगताना लक्ष्मीबाईंचं नाव शिक्षणक्षेत्रातलं नाव म्हणून सांगा. नुसतं कर्मवीरांची पत्नी म्हणून नको.