चाळीतलं जागरण आणि चंद्रावरची दुबार पेरणी

बुधवारी, २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि मला २०१९ ची लालबागची रात्र आठवली. ६ सप्टेंबर, गौरीपूजनाचा दिवस. लालबागच्या राजाचा देखावाही त्या वर्षी चांद्रयानाचाच होता. चुलतभावाच्या चाळीतल्या खोलीत गौरीपुढे जागरण होतं, त्यात रात्री दोनच्या सुमाराला सगळे टीव्हीपुढे. विक्रम लँडर २.१ किलोमीटर उंचीवर असताना संपर्क तुटला. खोलीत कोणी बोलेना.

पण इस्रोने नशिबाला बोल लावला नाही. चूक कुठे झाली ते शोधलं. उतरायची जागा अर्धा बाय अर्धा किलोमीटर होती, ती ४ बाय २.४ किलोमीटर केली. लँडरचे पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. मग पुन्हा गेले.

आता आपलं बघा. २०२३ चा ऑगस्ट कोरडाच गेला. दुबार पेरणी आपल्यालाही नवी नाही. पण पहिली का गेली, हे कोण लिहून ठेवतं? ओल कमी होती, बियाणं खराब होतं, की आपणच घाई केली? पंचनाम्यात नुकसान मोजतात, कारण राहूनच जातं. ते कारण निदान आपल्या वहीत तरी लिहा, मंडळी. पुढच्या पेरणीला तेच कामाला येईल.