देवाचं प्रेम आणि मजुरीचा हिशोब

‘देव तुमच्यावर प्रेम करतो’ हे वाक्य आता रिक्षाच्या मागे असतं, रील्सवर असतं आणि सकाळी सहाला फॅमिली ग्रुपवर सूर्योदयाच्या फोटोसकट येतं. ते खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. माझा त्यावर विश्वास आहे. पण हे वाक्य बोलायला काहीच लागत नाही, आणि आपण ख्रिस्ती लोकांनी बोलण्यालाच प्रेम समजायला सुरुवात केली आहे. माझं भांडण त्याच्याशी आहे.

मी रिठदचा. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं हे गाव, सोयाबीन आणि तुरीचं. आमचं घर ख्रिस्ती. इंजिनिअरिंग करून मी पुण्याला आलो, सॉफ्टवेअरमध्ये लागलो. इथे रविवारी ज्या सभांना जातो तिथे एसी हॉल असतो, कीबोर्ड-ड्रम असतात, आणि गाणी संपली की ‘साक्षी’ असतात. साक्ष म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. व्हिसा झाला, प्रमोशन झालं, फ्लॅटचं लोन मंजूर झालं. आभार मानू नयेत असं नाही. पण मी कितीतरी साक्षी ऐकल्या, त्यांत घरी धुणी-भांडी करणाऱ्या मावशींना देवाच्या प्रेमामुळे काय मिळालं, हे कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. प्रेम वरून खाली येतं आणि आपल्यापाशी येऊन थांबतं, असा हा सगळा हिशोब आहे.

आमच्या कामात एक प्रकार नेहमी घडतो. डॅशबोर्ड हिरवागार दिसतो आणि सर्व्हिस बंद पडलेली असते. युजर फोन करून ओरडत असतो आणि आपण म्हणतो, आमच्याकडे तर सगळं ठीक दिसतंय. आपल्या चर्चचं तसं झालंय का, हे विचारायला हवं. गाणी ठीक, हजेरी ठीक, दशांश ठीक. युजरला, म्हणजे शेजाऱ्याला, कुणी विचारलंय?

‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ या अर्थाची आज्ञा सगळ्यांना पाठ असते. येशूने ती सांगितली एवढंही ठाऊक असतं. पण ती मुळात आली कुठून, ते फार थोडे जण उघडून बघतात. ती जुन्या करारात लेवीयच्या 19व्या अध्यायात आहे, 18व्या ओवीत. त्याच अध्यायात, फक्त पाच ओव्या आधी, 13व्या ओवीत सांगितलं आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे अडकवून ठेवायची नाही. त्याच्याही आधी, 9व्या आणि 10व्या ओवीत: शेताच्या कडा पूर्ण कापू नका, कापणीनंतर पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. म्हणजे ज्या अध्यायात प्रेमाची आज्ञा आहे, त्यातच मजुरी आहे, धान्य आहे, शेताची कड आहे. या आज्ञेआधी कुठल्या भावनेचं वर्णन नाही, हिशोब आहे.

‘सरवा’ हा शब्द शहरातल्या वाचकाला कदाचित समजावून सांगावा लागेल. पीक काढून झाल्यावर शेतात जे पडून राहतं ते वेचणं म्हणजे सरवा वेचणं. ज्या बाईचं स्वतःचं शेत नाही, तिच्यासाठी त्या शेंगा म्हणजे काही दिवसांचं तेल-मीठ. तिला वेचू द्यायचं की हाकलायचं, हे शेतमालक ठरवतो. सोंगणीची मजुरी बाजाराच्या दिवशी हातात द्यायची, की ‘माल विकला की देऊ’ म्हणायचं, हेही तोच ठरवतो. देवाचं प्रेम जगायचं असेल तर रिठदमध्ये ते या दोन निर्णयांत जगता येतं. पुण्यात ते घरकामाच्या मावशींच्या भरपगारी सुट्टीत जगता येतं, आणि दहाव्या मजल्यावर जेवण घेऊन आलेल्या मुलाला सर्व्हिस लिफ्टकडे पिटाळणाऱ्या सोसायटीच्या नियमाविरुद्ध मीटिंगमध्ये हात वर करण्यातही.

आज्ञा भावनेची देताच येत नाही. ‘तुला आनंद वाटू दे’ असा हुकूम कुणी सोडू शकत नाही. हुकूम कृतीचाच असतो. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवा. वाटेत लुटलेला, अर्धमेला माणूस पडला आहे. शोमरोन्याला त्याचा कळवळा आला, एवढंच त्याच्या मनाबद्दल सांगितलं आहे. पुढे सगळी कामंच आहेत: जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्री काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परतताना देतो म्हणाला. एक दिनार म्हणजे साधारण मजुराची एका दिवसाची मजुरी. दोन दिवसांची कमाई, वर उधारीची हमी, आणि स्वतःचा प्रवास खोळंबलेला. हा खर्चाचा तपशील गोष्टीत उगाच आलेला नाही.

असा खर्च आमच्या जिल्ह्याने पाहिला आहे. ऑर्फा स्पायकर नावाच्या अमेरिकन डॉक्टर 1936 साली नाझरीन मिशनतर्फे भारतात आल्या आणि 1938 साली वाशिमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं एक गाव होतं. वाशिम जिल्हा व्हायला अजून साठ वर्षं होती. अडलेलं बाळंतपण रविवारची सभा बघून येत नाही. ते रात्री दोनला येतं, बैलगाडीतून येतं. त्या वेळी कुणीतरी जागं असावं लागतं, पाणी उकळलेलं असावं लागतं. हॉस्पिटलमधल्या प्रेमाला ड्युटी चार्ट असतो. ज्याला ऑन-कॉल माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि आज आपण काय करतो? मिशनऱ्यांनी उभं केलेलं आपल्याला वारशात मिळालं, आणि आपल्याला त्यात इस्टेट दिसली. ट्रस्टच्या जमिनीवरून कोर्टकचेऱ्या, कमिटीच्या निवडणुकांत पॅनल, कब्रस्तानच्या भिंतीवरून हाणामाऱ्या. त्यांनी सेवेसाठी बांधलं आणि आपण सातबारा काढून बसलो. प्रेम करण्याचं काम संस्थेचं, पाळकाचं, परदेशी देणगीचं. आपलं काम ‘आमेन’ म्हणायचं. ही वाटणी कुठल्या शास्त्रात लिहिली आहे?

आता बाहेरून येणारा आरोप. ‘तुमची सेवा म्हणजे गळाला लावलेलं आमिष. औषध द्यायचं आणि धर्म बदलायचा.’ हा आरोप नवा नाही. 1893 साली पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर तो झाला. रानडे, भांडारकरांसारखी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. तीन-चार वर्षांतच 1896-97चा दुष्काळ आला. त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी विधवा आणि मुली घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती सदन वाढत गेलं. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना छपाईपासून विणकामापर्यंत कामं शिकवली. दुष्काळात त्या मुलींना कोण घेऊन गेलं हे ज्यांना खटकतं, त्यांनी आधी हे सांगावं की रमाबाई पोचण्याआधी तिथे कोण पोचलं होतं.

पण आरोप करणाऱ्यांना एवढं सुनावून मला आपल्या लोकांना सोडायचं नाही. आपल्यातही डोकी मोजणारे आहेत. ‘या वर्षी किती आत्मे जिंकले’ असं विचारणारे आहेत. टार्गेट ठेवून केलेलं प्रेम म्हणजे सेल्स. शोमरोन्याच्या गोष्टीत जखमी माणसाचं पुढे काय झालं हे सांगितलेलं नाही. त्याचा धर्म कोणता, तो बरा झाल्यावर काय म्हणाला, कुठल्या मंदिरात गेला, काहीच नाही. त्याने आभार मानले की नाही, हेही नाही. गोष्ट बिलापाशी संपते. परतफेडीची अट असलेलं प्रेम या गोष्टीत बसतच नाही, आणि हे आपण स्वतः पाळलं तरच बाहेरच्या आरोपाला उत्तर द्यायला आपल्याला तोंड आहे.

आतून एक ठरलेलं उत्तर येतं: ‘तारण कृत्यांनी नाही, विश्वासाने मिळतं.’ मान्य. पण हे वाक्य माणसाला मोकळं करण्यासाठी आहे. स्वर्गासाठी पुण्य साठवायची गरज उरली नसेल, तर हातातला वेळ आणि पैसा शेजाऱ्यासाठी मोकळा झाला. आपण मात्र तेच वाक्य काही न करण्याची रजाचिठ्ठी म्हणून वापरतो. योहानाच्या पहिल्या पत्रात तर ज्याला दिसणाऱ्या भावावर प्रेम करता येत नाही आणि तरी न दिसणाऱ्या देवावर प्रेम असल्याचं जो सांगतो, त्याला सरळ लबाड ठरवलं आहे. पत्र लिहिणाऱ्याने तिथे विश्वासाची सबब ऐकून घेतलेली नाही.

सगळ्यात अवघड जागा अजून बाकी आहे. माझी आजी वऱ्हाडीत म्हणायची, ‘प्रेम हाये म्हनता अन् पान्याचा गिलास येगळा ठेवता, हे कोनतं प्रेम व्हय?’ ती बोलायची गावातल्या सवर्ण घरांबद्दल. पण हा प्रश्न चर्चच्या आतही विचारता येतो. लग्नाची वेळ आली की ‘मूळचे कोण’ हे आपणही विचारतो. बाप्तिस्म्याला तीन पिढ्या होऊन गेलेल्या असतात, तरी विचारतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपलं सोवळं कसं सुटत गेलं ते लिहून ठेवलं. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. सव्वाशे वर्षांनंतर आपलं सोवळं बायोडाटामध्ये शाबूत आहे. प्रार्थनेत एका ताटातली भाकर मोडून खायची आणि सोयरिकीला पंगत वेगळी, हे चालणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं, तर साधे प्रश्न विचारू या. या महिन्यात तुझ्या हाताखालच्या माणसाची मजुरी वेळेवर गेली का? तुझ्या शेताची कड कुणासाठी सोडलीस, आणि शेत नसेल तर पगाराची? ज्याच्याकडून काहीच परत येणार नाही अशा किती जणांसाठी तुझी झोपमोड झाली? मुलाच्या लग्नात जात विचारलीस का? याची उत्तरं असतील तर गाणी जोरात म्हणू या, मला गाणी आवडतात. नसतील तर माईक बंद करून आधी मजुरी देऊन येऊ. शास्त्रात मुदतही दिली आहे: आज रात्रीच्या आत.