बॅटरीवरील गवतकापणी यंत्र : पारखून घ्यावे

सोलापूर-तुळजापूर मार्गावरील तामलवाडीसारख्या गावी पावसाळ्यात अंगण व बांध गवताने भरून जातात. ते कापण्यासाठी बॅटरीवरील हलकी यंत्रे आता बाजारात मिळतात. बांधावर तणनाशक मारण्यापेक्षा गवत कापणे केव्हाही हिताचे, कारण त्याची मुळे माती धरून ठेवतात.

मात्र केवळ व्होल्टचा आकडा पाहून यंत्र घेणे ही चूक होय. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा साठते ते कळते. २० व्होल्ट व २ अँपिअर-तासांची बॅटरी ४० वॉट-तासांची. १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तासांची ९० वॉट-तासांची. मोठी बॅटरी जड असते. म्हणून यंत्र हाती धरून पाहावे.

अंगणातील कोवळ्या गवतास नायलॉनची दोरी पुरते, जून गवतास पाते लागते. दोरीचे तुकडे वैरणीत जातात. म्हणून चाऱ्यासाठी विळाच बरा. गाजरगवत कापल्यास बुडातून पुन्हा फुटते. ते फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे.

यंत्र चालविताना चष्मा अवश्य घालावा. उडालेला एक खडा डोळा कायमचा घालवू शकतो. शेतकरी बंधूंनी यंत्राच्या किमतीत चष्म्याचीही किंमत धरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.