विद्यापीठ कोणाच्या वास्तवाशी जोडलेले?

विद्यापीठे समाजाच्या अर्थव्यवहारापासून अलिप्त असतात, असे पुष्कळदा म्हटले जाते. आम्हाला ते इतिहासाला धरून वाटत नाही. नालंदा महाविहार दोनशेहून अधिक गावांच्या उत्पन्नावर चालत असे, अशी नोंद चिनी भिक्खू इत्सिंग यांनी केली आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्याच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमागे कामठीच्या एका खाणमालकाची देणगी होती. म्हणजे शेतकऱ्यांचे व खाणमजुरांचे श्रम ज्ञानमंदिरांच्या पायाशी होतेच. प्रश्न एवढाच, की त्या श्रमिकांच्या मुलांना आत प्रवेश होता काय?

त्याच १९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत वेगळे बसावे लागलेल्या विद्यार्थ्याने साम्राज्याच्या चलनव्यवस्थेची चिकित्सा केली! पुढे १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. ज्ञानाचे वेळापत्रक त्यांनी श्रमिकाच्या घड्याळाशी जुळवले. १९६४ पासून दीक्षाभूमीवरील महाविद्यालय हाच वारसा चालवीत आहे.

आमच्या वसतिगृहातील मुले उद्या विद्यापीठात जातील. तेथे त्यांनी आपली वस्ती विसरू नये. तिचे प्रश्न अभ्यासाचे विषय करावेत. शिष्यवृत्ती लांबली, की अनेकांचे शिक्षण अर्ध्यावर सुटते. तेव्हा प्रत्येक माजी विद्यार्थ्याने निदान एका मुलाचे परीक्षा शुल्क भरावे, ही आमची नम्र विनंती. विद्यापीठाचे दार आपल्या वस्तीकडे उघडे राहते, ते अशाच दानाने.